दुडीची टाच

६ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. या खेपेला विनंती खरोखरच विशेष आहे, म्हणून तुझ्या गुडघ्यांची आणि मांजराची चौकशी शेवटी करतो. रागावू नकोस.

तुमचा जुना स्टुडिओ पाडायला घेतला आहे. आमच्या कार्टूनवेड्यांच्या मंडळातल्या एकानं कळवलं आणि मी चष्म्याचं दुकान बंद ठेवून धावत गेलो. गिऱ्हाइकांनी दारावरची पाटी डोळे बारीक करून वाचली असेल, त्याला माझा इलाज नाही. कॅमेऱ्याच्या खोलीवरचा पोटमाळा तुला आठवत असेल. तिथून सुतारानं एक लाकडी खोकं खाली काढलं. त्याला फळ्या हव्या होत्या. आतले कागद घेऊन जा म्हणाला, नाहीतर ते चुलीतच जायचे.

आत तुमच्या सिनेमातली दुडी होती. ती एकटी रस्त्यानं चालत जाते तो अख्खा प्रसंग, पेन्सिलीत, बाबांच्या हातचा. कागदांना खाली तीन भोकं, कोपऱ्यात क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. मी भुईवरच बसकण मारली आणि गठ्ठा अंगठ्याखालून फर्रकन सोडला. दुडी चालली. माझ्या जन्माच्या आधी काढलेली ती मुलगी माझ्या मांडीवर दुडुदुडु चालली, आणि मी हा एवढा घोडा धुळीत बसून रडलो. सुतारानं मला पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, माझं कुणीतरी गेलं.

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या दालनात आम्ही या सगळ्याचं प्रदर्शन मांडतो आहोत. त्यासाठी तुझ्याकडून एक उत्तर हवं आहे. दुडीची टाच कधीच जमिनीला टेकत नाही. नुसते चवडे टेकतात, आणि दोन्ही हात अंगापासून जरा वर उचललेले असतात, पंख फुटायच्या बेतात असल्यासारखे. यावरून मंडळात दरवर्षी डोकेफोड होते. निम्मे म्हणतात, ही काढणाऱ्याची चूक. निम्मे म्हणतात, शैली. मी बाबांचा मुलगा म्हणून मला विचारतात आणि मी गंभीर चेहरा करून गप्प बसतो. बाबांना विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही रंगखात्यातल्या बायकांनी तरी त्यांना विचारलं होतं का?

खोक्याच्या तळाशी आणखी एक गठ्ठा होता. नुसते हात. कुणातरी बाईचे, मनगटापासून पुढचे, काहीतरी धरल्यासारखे. प्रसंगाच्या क्रमांकावर लाल पेन्सिलीनं काट मारलेली. बाबांच्या हाताखालच्या कुणी काढले असावेत, कारण उजव्या हाताची करंगळी प्रत्येक चित्रात वाकडी आहे. एखाद्या चित्रात चुकेल, पण सगळ्यांत? लाल काट म्हणजे टाकाऊ, हे तूच मला शिकवलंस. आमच्या मंडळातले शिंपीबुवा (ते खरोखरच शिंपी आहेत) हातांच्या चित्रांवर लट्टू आहेत. त्यांच्याकडे दुडीच्या मागचा रस्ता आहे, रंगवलेला, लांबच लांब, अस्सल. तो रस्ता मला देऊन हात न्यायला ते तयार आहेत. नशीब फळफळलं म्हणतात ते हेच!

आईला खोकं दाखवायला गेलो, तर ती नेहमीसारखी उठून स्वयंपाकघरात गेली. लहानपणी टीव्हीवर दुडी लागली की तिला हमखास दूध उतू जाण्याची आठवण व्हायची. बाबांच्या कामाचं तिला एवढं वावडं का, हेही जमल्यास लिही. बाकी ती बरी आहे. जिना उतरणं मात्र बंद झालं आहे.

तुझे गुडघे आणि मांजर दोघेही कुरकुरत असतील, असं धरून चालतो. लोभ आहेच. उत्तराला उशीर केलास तरी तो कमी होणार नाही, पण तू करू नकोस.

तुझा,
खोकेबहाद्दर

२ मार्च

चि. खोकेबहाद्दरास अनेक उत्तम आशीर्वाद. इतके उशिरा पोचताहेत म्हणून थोडे जास्तच घाल पदरात.

हे पत्र मी लिहायला घेत होते आणि टाकून देत होते. गुडघ्यांचं निमित्त सांगता आलं असतं, पण गुडघ्यांनी कुणी पत्र लिहीत नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं. आजही कळलेलं नाही, तरी लिहिते.

आधी सोपं सांगते. कागद सापडले याचं तुला नवल वाटतं, मला त्याहून जास्त वाटतं. आमच्या हातचं काहीच उरलेलं नाही. आम्ही रंगवायचो ते सेल, म्हणजे पारदर्शक शीट, पुढून शाईची रेघ, मागून रंग. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून पांढरे सुती हातमोजे, त्यांची दोन बोटं कापलेली. दिवसभर मान मोडून रंगवायचं, आणि चित्रीकरण झालं की त्याच शीट टबात बुडवून घासायच्या, पुढच्या सिनेमाला वापरायला. तुम्ही ज्याला इतिहास म्हणता तो आम्ही स्वतःच्या हातांनी घासून मोरीत सोडला आहे बाबा. दुडीसुद्धा त्यातच गेली. तिचा फ्रॉक पिवळा होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी पिवळं निघत होतं. मी एकटीनं घासली ती. बाकीच्यांनी मला उठवायचा प्रयत्न केला, पण मी म्हटलं, परक्या हातांनी नको.

आता टाचेचं. तुझ्याआधी तुला एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढं तुला ठाऊक आहे. त्यापुढे घरात कुणी बोललं नाही. तिला आम्ही ठिपकी म्हणायचो, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती. तिच्या पायांत जीव नव्हता. उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ताईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिला काखेत हात घालून उभी धरायला सुरुवात केली. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताई वाकून चालायची आणि ठिपकीचे चवडे फरशीला लागत जायचे. टाच कशी टेकेल? तिचं वजन ताईच्या हातांवर असायचं. हात तर वर राहणारच. ठिपकीला मात्र वाटायचं आपणच चालतोय, आणि ती गॅलरीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायची.

भाऊजी कामावर जायच्या आधी स्टुलावर बसून हे चितारायचे. तेच त्यांनी सिनेमात घातलं. दुडी तिच्या आईच्या आधारानं रस्त्यानं चालते, असा तो प्रसंग होता. दुडी एका थरावर आणि आईचे हात दुसऱ्या थरावर. म्हणजे कॅमेऱ्याखाली एका शीटवर दुसरी ठेवली की हातांनी दुडीला धरलेलं दिसावं. अर्धं काम झालं होतं तेव्हा ठिपकीला ताप आला. त्यातून ती उठली नाही.

तेव्हा ते हात कुणा शिकाऊ माणसानं काढलेले नाहीत. करंगळी चुकलेली नाही. ताईची करंगळी लहानपणी माझ्यासमोर दाराच्या फटीत सापडून वाकली होती. ती तशीच आहे. आयुष्यभर त्या हातानं तुला वाढलं, आणि तू मला विचारतोस की करंगळी वाकडी का. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

शिंपीबुवांचं मन मोड. हात देऊ नकोस. पत्र मिळेल त्या पावली जाऊन नाही म्हणून सांग. ताईकडे तिच्या लेकीचा एक फोटोसुद्धा नाही. तिनंच ठेवले नाहीत. जे आहे ते त्या खोक्यात आहे.

प्रकृतीला जप, तिच्या जरा जास्त. आणि माझ्यावर राग धरलास तर तो पत्रानंच कळव, गप्प बसून नको.

तुझी,
रंगारीण मावशी

९ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. राग गप्प बसून कळवू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितो. तुझं पत्र आलं तेव्हा हात जाऊन आठवडे उलटले होते. बैल गेला नि झोपा केला, असं तुला सुनवावंसं वाटलं. पण पत्र पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की झोपा बांधायचं काम माझंच होतं. दोन्ही गठ्ठे माझ्याच टेबलावर शेजारीशेजारी पडले होते. एक कागद दुसऱ्यावर ठेवून उजेडासमोर धरायचा, एवढंच करायचं होतं. दुसरा कुणी साधा माणूस असता तर त्यानं सहज गंमत म्हणून ते केलं असतं. मी केलं नाही, कारण मी जाणकार. लाल काट दिसली की तो कागद आमच्या लेखी संपला. दिवसभर लोकांची नजर तपासतो आणि स्वतःला एवढंही दिसलं नाही.

शिंपीबुवांकडे त्याच दिवशी गेलो. भला माणूस आहे. सगळं ऐकून त्यांनी शिवणयंत्रावरचा पाय काढला आणि बराच वेळ टेपशी चाळा करत बसले. गठ्ठा त्यांच्याकडे नाही. आमच्या मंडळात एक जुनी रीत आहे, वर्षातून एकदा गावोगावच्या सभासदांना प्रत्येकी एक अस्सल चित्र भेट पाठवायचं, म्हणजे एका घराला आग लागली तरी सगळं जळत नाही. यंदा पाळी बुवांची होती. त्यांनी गठ्ठा उसवला आणि एकेक हात पाकिटात घालून दूर दूर धाडून दिला. जतन व्हावं म्हणूनच केलं त्यांनी. ही रीत सुरू करणाऱ्यांत मीही होतो, हे कुणाला सांगू?

आता मी सगळ्यांना पत्रं लिहितो आहे. काय लिहावं तेच समजत नाही. माझ्या आईचे हात परत करा, असं लिहिलं तर लोक मला वेड्यात काढतील, आणि तसं न लिहिलं तर का परत करतील?

काल आई मटार सोलत बसली होती. मी समोर पेपर धरून तिच्या हातांकडे पाहत होतो. शेंग अंगठ्यानं फोडते आणि करंगळी बाजूला उभी राहते, एकटी, वाकडी. तिनं विचारलं की काय बघतोस असा टकामका. मी म्हटलं, तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय का ते बघतोय. ती म्हणाली की नंबर डोळ्यांचा असतो, हातांचा नाही. मला तिथे बसवेना.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगू का? हात जमल्याशिवाय कोणत्या तोंडानं सांगू? आणि बाबांनी प्रसंगातून हात का काढून टाकले, ते तू लिहिलंच नाहीस.

लोभ असू दे म्हणायला आज लाज वाटते. तरी असू दे.

तुझा,
खोकेबहाद्दर (बहाद्दर कसला)

२० मार्च

चि. खोकेबहाद्दरास आशीर्वाद, नेहमीचेच, एकही वजा न करता.

तू स्वतःला फार बोलून घेऊ नकोस. तू हात दिलेस आणि रस्ता घेतलास. तुझ्या वडिलांनीही तेच केलं होतं.

ठिपकी गेल्यावर थोड्याच दिवसांत भाऊजी कामावर आले. कुणी त्यांच्याशी काय बोलावं? पेन्सिली तासल्या, खुर्ची पुढे ओढली, बसले. दुपारी उठून आमच्या खोलीत आले. मी हातांचा थर रंगवायला घेतला होता, पहिली दोन बोटं झालीही होती. त्यांनी माझ्यासमोरचा मूळ गठ्ठा उचलला आणि वरच्या क्रमांकावर लाल काट मारली. म्हणाले, हात रंगवू नकोस. मी विचारलं का. हा माणूस सबंध दिवसात चार वाक्यं बोलला तर खूप, तुला माहीतच आहे. तो उभा राहून म्हणाला की तिला आता कुणी धरायला नाही, तिची तिला चालू दे. एवढं बोलून गेले. पुढे सबंध सिनेमाभर त्या प्रसंगाबद्दल शब्द काढला नाही. मी ओली बोटं पुसून टाकली.

सिनेमा लागला तेव्हा ताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिला वाटत होतं, आपले हात दिसणार. दुडी आली, एकटी. लोक हसले. वाईट नव्हे, कौतुकानं हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. ताई उठून बाहेर गेली. मी मागे गेले तर ती पायरीवर बसली होती. तिनं मला सांगितलं की त्यांनी माझे हात पुसले. इतक्या सगळ्या सकाळी मी वाकून वाकून काढल्या, आणि यांनी पेन्सिलीच्या एका फटक्यात तिला माझ्यावाचून चालवली, म्हणजे माझी गरजच नव्हती असं सगळ्यांना दाखवलं. मी भाऊजी जे म्हणाले होते ते तिला जसंच्या तसं सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. त्यांना एवढे शब्द कधी सुचत नाहीत, ते तू बनवलेस, म्हणाली. आमचं बोलणं पुढे वर्षभर बंद होतं. तुझा जन्म झाला तेव्हा कुठे तिनं मला बोलावून घेतलं, आणि त्यानंतर हा विषय मी कधी काढला नाही. म्हणून तुझ्या पत्राला उत्तर लिहायला माझा हात धजत नव्हता.

भाऊजींनीही तिला कधी समजावलं नाही. संसार नीट केला दोघांनी. एकमेकांच्या औषधाच्या वेळा पाळल्या. पण ती एक गोष्ट मध्ये राहिली ती राहिलीच, आणि ते गेले.

माझं ऐकशील तर सगळे हात जमायची वाट बघत बसू नकोस. तिचं वय बघ. जे येतील ते घेऊन तिच्यापुढे जा आणि सरळ सांग. चिडली तर चिडू दे. तिची चीड मी पाहिली आहे, तिनं माणूस मरत नाही.

माझ्याच्यानं प्रवास होत नाही, नाहीतर मीच येऊन तुझ्या पाठीशी उभी राहिले असते. मनानं आहेच. लोभ तुझ्यावर आहे, आणि तिच्यावर तर तू जन्मायच्या आधीपासूनचा.

तुझी,
रंगारीण मावशी

२८ एप्रिल

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. हात यायला लागले. एका शाळामास्तरांनी आपला कागद दोन पुठ्ठ्यांत बांधून परतीच्या टपालानं धाडला, सोबत एक ओळ की त्यांची आई परवाच गेली. एका म्हातारबुवांनी कागद ठेवून घेतला आणि मला चांगलंच फैलावर घेतलं की दिलेली भेट कुणी परत मागतं का. त्यांचंही चूक नाही. एकानं कळवलं की त्याच्या लेकीच्या पलंगावर ते चित्र चौकटीत लावलं आहे आणि मुलगी ते काढू देत नाही. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. जे आले ते मूठभर आहेत. त्यांतून हालचाल काही होत नाही. शिंपीबुवा बिचारे रस्ता तुमच्याकडेच राहू द्या म्हणतात, जणू त्यानं काही फिटणार आहे.

प्रदर्शन पुढे ढकललं. मंडळाला कारण सांगितलं नाही.

मग तू म्हणालीस तसं केलं. दुपारी आईचा चहा झाल्यावर आलेले हात तिच्या पलंगावर मांडले आणि जे मला माहीत झालं होतं ते सगळं बोलून टाकलं. ती उठून गेली नाही. एकेक कागद हातात घेऊन खूप वेळ पाहत होती. माझी नखं एवढी नीट कधीच नव्हती, म्हणाली. मग तिनं विचारलं की बाकीचे कुठे आहेत. मी सांगितलं. मला वाटलं आता चांगली झाडणार. ती फक्त म्हणाली की बापासारखाच आहेस. हे कौतुक होतं की काय होतं, मावशी, मला खरंच कळलं नाही. मी तिथेच तिच्या पायाशी बसून राहिलो.

त्यानंतर काही दिवस तिचं जेवण कमी झालं, दुपारी गॅलरीत जाऊन बसायला लागली. मला वाटलं, हात दाखवून अवलक्षण केलं मी. आणि परवा अचानक तिनं विचारलं की ती चालते ते दाखवता येईल का. वाचनालयात जिना आहे, ती जाऊ शकत नाही. म्हणून घरीच मांडणार आहे. सगळ्या कागदांचे एकेक करून फोटो घेतले आहेत. एका लहानशा प्रोजेक्टरला दुकानातली भिंगं आणि एक तिरपा आरसा लावून चित्र वरून जेवणाच्या टेबलावर पडेल अशी खटपट केली आहे, म्हणजे तिला मान वर करावी लागणार नाही. दुडी तळहाताएवढी दिसते. तुला तर माहीत आहे, कागदावर ती जागच्या जागीच चालते, रस्ता मागून सरकतो. शेवटचं पाऊल पुन्हा पहिल्याला जुळतं, त्यामुळे यंत्र चालू आहे तोवर ती चालत राहील.

पण हात नाहीत. आईला मी पुन्हा तेच दाखवणार आहे जे बघून ती थिएटरातून उठली होती. भीती वाटते. प्रदर्शनात टाचेच्या चित्राखाली काय लिहायचं, तेही अजून सुचलेलं नाही.

तिथून जमेल तेवढा धीर पाठव. लोभ मागत नाही, तो तू न मागता देतेस.

तुझा,
खोकेबहाद्दर

१० मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर तुला आता ओळखू येणार नाही, हात थरथरतो. पोरगा लिहून देतो म्हणाला. त्याच्यापासून काही लपवायचं आहे असं नाही, तरी हे मीच लिहिते.

रविवारी दुपारी त्यानं खिडक्यांना चादरी लावल्या, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि मला खुर्चीत बसवलं. त्याचाच चेहरा असा झाला होता की मीच त्याला म्हटलं, घाबरू नकोस, मी कुठे जात नाही. मग ती आली. टेबलावर, माझ्यासमोर, एवढीशी. रंग नाही, देखावा नाही, नुसती ह्यांच्या पेन्सिलीची रेघ. धाकटे, मी विसरले होते गं. तिच्या डाव्या पायाचा अंगठा आत वळायचा. तो ह्यांनी काढला आहे. तो माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, असं मला वाटत होतं.

मी हात पुढे केले ते ठरवून नव्हे. रोज करायची तसेच गेले. तिच्या काखांशी नेऊन धरले. उजेड माझ्या हातांवर पडला आणि तिच्या फ्रॉकची कड माझ्या बोटांवर हलायला लागली. बरोबर बसले गं. करंगळी जिथे असायची तिथेच. पोरगा मागे उभा होता, त्याचा हुंदका मला ऐकू आला, पण मी मागे पाहिलं नाही. मी तिला धरून होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग हात दुखायला लागले. थरथर वाढली, आणि माझ्या थरथरीनं तीच थरथरतेय असं दिसायला लागलं. तेव्हा मी हात काढून घेतले.

पडेल असं वाटलं. पण ती पडली नाही. तशीच चालत राहिली, चवड्यांवर, हात वर करून, माझ्याकडे न बघता.

तू पायरीवर मला जे सांगितलंस ते तू बनवलं असं मी म्हणाले होते. बनवलं नसशील. ह्यांचेच असतील ते शब्द. ह्यांच्यावरचा राग गेला, असं मात्र समजू नकोस. मला विचारायला हवं होतं त्यांनी. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हेही खरं आहे, आणि ते त्यांना माहीत होतं. दोघं एका घरात एवढी वर्षं राहिलो, एका टेबलावर जेवलो, आणि हे त्या टेबलावर आत्ता मांडलं गेलं, ते नसताना.

पोराला सांगितलं की उरलेले हात मागत फिरू नकोस. कुणाच्या लेकीच्या खोलीत आहेत म्हणे, असू देत. टाचेखाली काय लिहू असं तो विचारत होता. काही लिहू नकोस म्हटलं, लोकांना भांडू दे. आलेल्यांतला एक कागद मी माझ्याकडे ठेवून घेतला आहे, जास्त नको.

तू येऊ शकत नाहीस आणि मी उतरू शकत नाही. तेव्हा पत्र लिहीत जा, आणि उशीर करत जाऊ नकोस. माझा लोभ मध्ये वर्षभर बंद होता, त्याची भरपाई आता होईल तेवढी करते.

तुझी,
ताई

ता. क. बराच वेळ झाला तेव्हा पोरानं यंत्र बंद करायला हात पुढे केला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, राहू दे अजून थोडी, आत्ताच तर चालायला लागली आहे.